कायम न झालेलं इतिवृत्त

माझ्या वडिलांना अख्खं वरचं गाव 'पाचचार' म्हणतं. तोंडावर पुढे 'काका' जोडतात, तेवढीच काय ती मर्यादा. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस भाजी आणायला निघाला, तरी मागून कुणीतरी विचारतंच, "काका, लिंबं नीट मोजून घेतलीत ना?" आणि मग खी खी खी. मी बरोबर असले की मात्र कुणाची हिंमत होत नाही. मग लोक आपापल्या चपला बघत चालतात. माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, हे मी कमावलेलं आहे.

झालं होतं ते असं. नदीच्या वर आमचं गाव, नदीच्या खाली दुसरं. दोघांच्या दोन समित्या, दोन कचेऱ्या, दोन पाट्या आणि दोन्हीकडे सारखाच ताठा. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या विहिरी लागोपाठ दोन उन्हाळे आटल्या. खालच्यांकडे मोठा तलाव. त्यांनी अट घातली, दोन्ही समित्या मोडा, एक परिषद करा, मग पुलावरून नळ येईल. आमच्या समितीत नऊ सभासद. मतदान हात वर करून. बाबा समितीचे लेखनिक, सभेत काय झालं ते लिहून ठेवणारे. पक्क्या वहीत त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलंय, 'बाजूने पाच, विरोधी चार. ठराव बहुमताने मंजूर.' त्याच सभेत समिती विसर्जित झाली आणि चार महिन्यांत नळ आला.

पण पाटी उतरली त्या दिवशी गावाचं डोकं फिरलं. जन्ममृत्यूची नोंद करायलासुद्धा पुलापलीकडे जायचं म्हणजे काय! लाकूडवाले आणि औषधवाले दोघंही समितीतले. एकाच्या वखारीवर दगड पडले, दुसऱ्याची काच फुटली. मग एकेक सभासद चौकात येऊन सांगायला लागला की मी तर विरोधातच होतो. एक नाही, दोन नाही, सगळे. गावाने निष्कर्ष काढला की लेखनिकाने हात मोजण्यात चूक केली आणि एका माणसाच्या चुकीपायी गाव गेलं. आजही त्याच नळाचं पाणी पितात आणि त्याच घशाने बाबांना हसतात.

मी सहावीत असताना बेरीज केली होती. नऊ घरं, नऊही विरोधात. मग बाजूने हात कुणी वर केले, खुर्च्यांनी? हे मी वर्गात बोलले तर लाकूडवाल्याच्या पुतणीने माझी वेणी ओढली. तेव्हापासून मी कुणावर विश्वास ठेवणं सोडून दिलं. शिकले, परिषदेत चिकटले आणि हट्टाने रेकॉर्ड रूम मागून घेतली. लोकांना वाटलं वेडी आहे, खिडकीसुद्धा नाही तिथे. मला एकच हवं होतं, त्या सभेतले हात कुणाचे ते दाखवणारा कागद. तीस वर्षं शोधला. सापडला नाही. पुढच्या वर्षी निवृत्त होतेय.

आणि या सोमवारी इतिहासवाले सर आले.

परिषदेला पन्नास वर्षं होतायत म्हणून परिषद स्वतःचा इतिहास छापून घेतेय. लिहायला निवृत्त मुख्याध्यापक धरलेत. गोड बोलणारा माणूस, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो. टेबलावर छापायला जाणारी पानं ठेवून म्हणाले, "बाई, तेवढे सन आणि तारखा ताडून द्या. शुक्रवारी छापखान्यात जायचंय."

मी पानं वाचत गेले. परिषदेची कचेरी मुद्दाम पुलाच्या तोंडाशी, कुणाच्याच गावात नाही अशा जागी का बांधली, ते होतं. एक मुदत अध्यक्ष वरचा, एक मुदत खालचा, ही पद्धत कशी पडली, तेही होतं. सगळं ठीक. आणि अठराव्या पानावर, 'वरच्या समितीच्या लेखनिकाने हातांची मोजणी चुकीची केल्यामुळे हा ऐतिहासिक ठराव मंजूर झाला, असे सर्व माहितगार सांगतात.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण माहितगार?"

"नऊही घरांनी लिहून दिलंय, बाई. आमचे वडील विरोधात होते, आमचे आजोबा विरोधात होते."

"आणि नऊच्या नऊ विरोधात असतील तर ठराव काय वाऱ्याने मंजूर केला? बेरीज येते ना तुम्हाला? शाळा चालवलीत!"

सर ओशाळले, पण मागे हटले नाहीत. "काही घरांच्या आठवणीत घोळ असेल. पण एका बाजूला नऊ घरं आणि दुसऱ्या बाजूला एक वही, तीही कायम न झालेली. तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

हे कायम होण्याचं प्रकरण आमच्या धंद्यातलं आहे, तेवढं सांगते. सभेत लेखनिक कच्च्या वहीत पेन्सिलीने लिहितो, नंतर पक्क्या वहीत शाईने उतरवतो. पुढच्या सभेला पहिला विषय ठरलेला, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायचं. अध्यक्ष विचारतात, कुणाची हरकत? हरकत नसली की 'कायम' असा शेरा मारून सही. तोवर ते लिखाण कच्चंच. आणि वरच्या समितीने तर त्या सभेत स्वतःलाच मोडून टाकलं होतं. पुढची सभा झालीच नाही. बाबांनी लिहिलेलं कुणी वाचलं नाही, कुणी हरकत घेतली नाही, कुणी कायम केलं नाही.

"कागद आणा," सर निघताना म्हणाले. "गुरुवार संध्याकाळपर्यंत आणा, मी ओळ बदलतो. शब्द देतो."

शब्द! असले शब्द मी पुष्कळ ऐकलेत.

मंगळवारी सबंध दिवस माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. आत्ताचे अध्यक्ष हे लाकूडवाल्यांचे नातू. लाकूडवाले म्हणजे वरच्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष. गेल्या महिन्यात हे नातू महाशय रेकॉर्ड रूममध्ये येऊन उगाच कपाटांपुढे घुटमळले होते. "ताई, इथे वाळवी तर नाही ना?" म्हणून विचारलं होतं. आयुष्यात कधी वाळवीची काळजी न केलेला माणूस! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यांनीच सरांना ती ओळ घालायला लावली असणार आणि कागदही त्यांनीच लांबवला असणार, अशी माझी खात्री पटत चालली.

बुधवारी या महिन्याच्या सभेची विषयपत्रिका माझ्याकडे फाइलला आली. विषय एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दर महिन्याला येतो तसाच. मी शिक्का उचलला आणि हात तसाच हवेत राहिला.

कच्ची वही! नियम असा की इतिवृत्त कायम झालं की कच्ची वही फाडायची, त्याआधी नाही. आणि हे इतिवृत्त तर कधी कायमच झालं नाही. म्हणजे ती वही फाडायची वेळच आली नव्हती. दुसरा कुणी लेखनिक असता तर रद्दीत घातलीही असती, पण माझे बाबा? रस्ता रिकामा असला तरी दोन्हीकडे बघून ओलांडणारा माणूस तो. वही कुठेतरी होती. तीस वर्षं मी शाईचा कागद शोधत बसले आणि पेन्सिलीचा विचारसुद्धा केला नाही. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मी तडक अध्यक्षांच्या खोलीत गेले. दार ढकलूनच गेले.

"वरच्या समितीची कच्ची वही कुठे आहे?"

ते चहा पीत होते. चहा बशीत सांडला. "कोणती वही, ताई?"

"वाळवीच्या निमित्ताने शोधत होतात ती."

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "शोधत होतो, खरंय. आमच्या घरात आजोबांच्या फोटोखाली लिहिलंय, 'ज्यांनी गावासाठी एकट्याने विरोध केला.' एकट्याने! औषधवाल्यांच्या फोटोखाली पण तेच लिहिलंय. इतिहास छापायचा ठरला तेव्हा मला धडकी भरली. उद्या काही निघालं तर तोंड कुठे लपवू? पण मला काहीच सापडलं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "कच्ची वही असलीच तर पाचचारकाकांकडेच असणार ना? तुम्ही घरी विचारलं का कधी?"

मी बाहेर आले. काय सांगणार? सत्तावन्न वर्षांची बाई मी. गावातल्या प्रत्येक घरावर संशय घेतला, प्रत्येक कपाट उपसलं आणि घरी कधी विचारलं नाही. विचारायला गेलं की बाबा झारी घेऊन कुंड्यांना पाणी घालायला उठायचे. आणि आई होती ना. त्या नवांतला एक सभासद म्हणजे माझ्या आईचे वडील, घड्याळवाले आजोबा. ठराव झाल्यावर दोन वर्षांत वारले. विरोधात ठाम राहिलेला माणूस म्हणून गावाने त्यांच्या दुकानाच्या गल्लीला घड्याळवाल्यांची गल्ली असं नाव दिलं, तशी पाटी अजून आहे. आमच्या लहानपणी आई भांडी आपटत म्हणायची, "माझ्या बाबांनी हात विरोधात वर केला आणि यांना तो दिसला नाही! जावयाला सासऱ्याचा हात दिसला नाही!" बाबा ऐकून घ्यायचे. पुढे मी कॉलेजात असताना केव्हातरी आईने हे म्हणणं बंद केलं. आम्हाला वाटलं, थकली.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी घरी आले. आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते, म्हणजे तोच पेपर दुसऱ्यांदा. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"बाबा, कच्ची वही कुठे आहे?"

त्यांनी झारीकडे बघितलं. मी झारी उचलून बाहेर ठेवली आणि दार लावलं. "आज कुंड्या मेल्या तरी चालतील. सर उद्या छापतायत की तुम्हाला मोजता येत नव्हतं. पुस्तक होणार त्याचं, शाळाशाळांत वाटणार. वही कुठे आहे?"

 बाबा हळूच म्हणाले, "दाराच्या मागे."

दाराच्या मागे खिळ्याला त्यांची कचेरीची पिशवी. माझ्या जन्मापासूनची. समिती मोडल्यावर टांगली ती पुन्हा कुणी उतरवली नाही. आई दर आठवड्याला तिच्यावरची धूळ झटकते, एवढंच. मी पिशवी उतरवून हात घातला. एक पेन्सिल, समितीचा शिक्का आणि एक वही. वहीला कापडाचं कव्हर होतं, निळ्या फुलांचं, काठाने बारीक टीप घातलेलं.

"ही ती नव्हे," बाबा म्हणाले. "ती मी वर्तमानपत्रात गुंडाळली होती."

मी वही उघडली. पेन्सिलीचं लिखाण, बाबांचंच. मग ते कापड मला ओळखू आलं. माझ्या कॉलेजच्या दिवसांत पुढच्या खोलीला हेच पडदे होते.

आईने मान वर केली नाही. "कागदाला वाळवी लागली होती," ती मटार सोलत म्हणाली. "म्हणून शिवली."

 बाबांनी चष्मा काढला. "तू वाचलीस?"

"वाचली."

 मग ती मला म्हणाली, "उभी काय राहिलीस? वाच मोठ्याने. सभेत वाचतात तशी."

मी वाचलं.  'ठराव क्रमांक चार, विलीनीकरणाचा. बाजूने हात वर.' त्याखाली खुर्चीच्या क्रमाने नावं आणि प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. एक, दोन, तीन. पाचवर थांबतील असं वाटलं. थांबल्या नाहीत. सातवं नाव घड्याळवाल्या आजोबांचं. तिथे माझी जीभ अडखळली, पण तिथेही खूण होती. नवव्यापुढेही. 'विरोधी, कोणी नाही. एकमताने मंजूर.'

नऊ हात. सगळ्यांनी पाण्यासाठी हात वर केला होता, आणि त्यात लाजण्यासारखं काय होतं? दोन उन्हाळे बायका दोन दोन मैल घागरी वाहत होत्या!

पान उलटलं तर पुढे तारखा. दगड पडले त्या आठवड्यातल्या. बाबांनी त्याही लिहून ठेवल्या होत्या, लेखनिकच ते. 'पाच तारीख. लाकूडवाले पहाटे घरी आले. मला विरोधात धरा म्हणाले, पोरांच्या अंगावर दगड पडतायत. बरं म्हटलं.' 'पाच तारीख, दुपार. औषधवाले. तेच.' 'सहा तारीख. छापखानेवाले आणि फोटोवाले, वेगवेगळे आले, एकमेकांना सांगू नका म्हणाले.' असे आठ जण. आणि मग, 'आठ तारीख. सातवे सभासद आले. काही बोलले नाहीत. बसून राहिले.  मीच म्हटलं, तुम्हालाही विरोधात धरतो. त्यांनी माझा हात धरला.' शेवटी एक ओळ, 'पाचाच्या खाली गेलं तर ठराव पडतो आणि पाणी येत नाही. पक्क्या वहीत पाच-चार लिहितो, नावं लिहीत नाही. म्हणजे प्रत्येकाला मी चारांत आहे म्हणता येईल. महिनाभरात निवळेल.'

"महिनाभरात!" मी ओरडले. "पन्नास वर्षं झाली, बाबा! महिनाभर!"

"मला वाटलं होतं," ते म्हणाले. "माझा अंदाज चुकला. मोजणी नाही चुकली."

मग मी आईकडे वळले, कारण खरा राग तिथे होता. "आणि तू? मी कॉलेजात होते तेव्हापासून तुला माहीत आहे? मला बसमध्ये 'पाचचारची पोरगी' म्हणायचे तेव्हा माहीत होतं? माझं एक ठरलेलं लग्न त्यांच्या आत्याने 'हिशेबात कच्चं घराणं' म्हणून मोडलं, तेव्हाही माहीत होतं?"

"होतं."

"मग तोंडाला कुलूप का लावलंस?"

आईने मटाराचं ताट बाजूला सारलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "हे माझ्यासाठी गप्प बसले होते. माझ्या बाबांची मान खाली जाऊ नये म्हणून. मी बारा-तेरा वर्षं यांना टाकून बोलले, तरी गप्प बसले. वाचलं तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. पण बोलून दाखवलं असतं तर? यांचं सगळं सोसणं वाया गेलं असतं. आणि खरं सांगू? बाबांची गल्लीतली पाटी पण मला सोडवेना. तुझा विचार केला नाही मी. करायला हवा होता."

मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि कप भिंतीवर फेकावासाही वाटला. दोन्ही केलं नाही. खाली बसले. सहावीपासून मी सगळ्या गावावर डोळा ठेवून होते, आणि हे दोघं एकाच खोलीत, एकमेकांपासून तेच लपवून, एकमेकांना चहा देत होते.

आई बाबांकडे वळली. "पुढे काय म्हणतात सभेत? वाचून झालं की?"

बाबांनी घसा खाकरला. "कुणाची हरकत, असं विचारतात."

"मग विचारा."

"कुणाची हरकत?"

"माझी नाही," आई म्हणाली. "माझ्या बाबांचा हात वर होता आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पाणी आलं. लिहा, कायम."

बाबांनी पिशवीतली पेन्सिल घेतली. टोक नव्हतंच. त्यांनी चाकूने तिला टोक काढलं, पन्नास वर्षांनी, तीन-चार वेळा फिरवून, घाई न करता. वहीच्या शेवटच्या ओळीखाली 'कायम' लिहिलं आणि आजची तारीख घातली. मग वही मिटली आणि दोन्ही हातांनी मधोमध धरली.

"कायम झालं," ते म्हणाले. "आता नियमाप्रमाणे कच्ची वही फाडता येते. नऊ घरं आहेत गं. नातवंडांनी फोटो लावलेत भिंतीवर."

मी उठेपर्यंत आईचा हात वहीवर पडला होता. "ही शिवण माझी आहे," ती म्हणाली. "उसवायची तर मला विचारून. फोटो लावणाऱ्यांना एवढी वर्षं संभाळलंत, आता पोरीला संभाळा." तिने वही त्यांच्या हातातून सोडवली. त्यांनी ओढून धरली नाही. तिने ती माझ्यापुढे केली. "जा, सर निघायच्या आत पोच. आणि त्यांना सांग, नऊ नावं छापा. पहिलं नाव माझ्या बाबांचं."

मी वही छातीशी धरून दारापर्यंत गेले असेन, तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

"पहिलं कसं? खुर्चीच्या क्रमाने लिहायचं. ते सातवे."